फिल्डिंग कोण करणार?

यंदाच्या अंकाचा विषय ‘मैदान’, असं संपादकांनी कळवलं आणि खाली एक ओळ जोडली: मैदानं ओस पडलीत, पोरं मोबाईलवर क्रिकेट खेळतात, त्यावर लिहा. सोलापूरला सिद्धेश्वर मंदिराजवळच्या होम मैदानावर संध्याकाळी पोचलो, तर त्यातली पहिली गोष्ट साफ खोटी निघाली. एकाच वेळी पाच-सहा सामने चालू होते. एका सामन्याचा विकेटकीपर दुसऱ्या सामन्याच्या लाँगऑनला पाठ लावून उभा. चेंडू एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कुणी आपल्या चेंडूवर बॉलपेननं अक्षर काढून ठेवलेलं. ओस वगैरे काही नाही. उलट गर्दीमुळं फटका मारायला जागा शोधावी लागत होती.

दुसरी गोष्ट मात्र खरी होती, पण संपादकांच्या कल्पनेपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं. कडेला बसलेली चार पोरं मोबाईल आडवा धरून क्रिकेटच खेळत होती. समोर मित्रांचा सामना सुरू, आणि यांच्या माना खाली.

“काय करायलास बे?” लांबून एकानं हाक मारली.

“बॅटिंग करायलो की!”

मी त्याला विचारलं, समोरच्या सामन्यात तुझा नंबर कितवा? म्हणाला, “तिकडं आठवा. इथं ओपनिंग.”

या एका उत्तरात मला लेख सापडला. पुढं जे पाहिलं आणि ऐकलं ते त्याच उत्तराचा विस्तार आहे.

ऊन, गड्डा आणि वेळापत्रक

सोलापुरात क्रिकेट कधी खेळायचं हे पोरं ठरवत नाहीत, ऊन ठरवतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. सुट्टी नेमकी तेव्हाच. मग सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत एक पाळी, आणि साडेपाचनंतर अंधार पडेपर्यंत दुसरी. मधले आठ तास घरात. पूर्वी या आठ तासांत पुस्तकाची पानं उलटून, पान क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, असं क्रिकेट चालायचं. शून्याचं पान आलं की आउट. माझी इतिहासाची दोन पुस्तकं याच खेळात खिळखिळी झाली. आता त्याच आठ तासांत मोबाईल आहे.

जानेवारीत वेगळी अडचण. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि होम मैदानावर पाळणे, दुकानं, मौत का कुआँ येतात. यात्रेबद्दल कुणाचीच तक्रार नाही, पोरांची तर नाहीच. पण त्या दिवसांत खेळायची जागा जाते. गल्लीत खेळावं तर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. काच फुटली तर वर्गणी काढायची कुणी? त्यामुळं मोबाईलनं पोरांचं मैदान पळवलं, हे वाक्य सोलापुरात तरी मला जड जातं. मैदान नसतानाचे तास मोबाईलनं घेतले. नंतर तो आपली हद्द ओलांडून मैदान असतानाच्या तासांतही घुसला, हेही खरं. कडेला बसलेल्या त्या चौघांकडं पाहून ते नाकारता येणार नाही.

टप्पा कुठं पडणार?

मोबाईलवरचं क्रिकेट ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोलंदाज धावत येतो तेव्हा खेळपट्टीवर एक ठिपका दिसतो. चेंडू तिथं पडणार. फलंदाजानं तो ठिपका पाहून फटका निवडायचा, अंगठा सरकवायचा आणि चेंडू जवळ आला की योग्य क्षणी टिचकी द्यायची. चुकलं तर पडद्यावर लगेच निकाल येतो: लवकर किंवा उशिरा. ठिपका दाखवण्याची ही रीत जुनी आहे. २००६ च्या अखेरीस आलेल्या ‘ईए स्पोर्ट्‌स क्रिकेट ०७’मध्येही ती होती. तो खेळ ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळला, ती पिढी आता चाळिशीकडं निघाली आहे. त्यातल्या भारतीय खेळाडूंची नावं परवान्याअभावी वेडीवाकडी केलेली असायची, आणि पहिला अर्धा तास ती दुरुस्त करण्यात जायचा.

हा ठिपका म्हणजे खऱ्या आणि पडद्यावरच्या क्रिकेटमधला सगळ्यात मोठा फरक आहे, असं माझं मत झालं. याला आधार दोन इंग्रज शास्त्रज्ञांचा. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा त्यांच्या डोक्यावर बसवला आणि त्यांना यंत्रानं टाकलेले चेंडू खेळायला लावले. त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. ‘चेंडूवरची नजर हलू देऊ नकोस’ हा प्रत्येक मास्तरांचा मंत्र. पण चांगला फलंदाज तसं करतच नाही, असं त्यात दिसलं. चेंडू सुटताना तो पाहतो, मग त्याची नजर चेंडूला सोडून उडी मारते आणि तो जिथं पडेल असं वाटतं तिथं आधीच जाऊन थांबते. चेंडू मागून येतो. फलंदाज जितका चांगला, तितकी ती उडी लवकर.

म्हणजे ठिपका खऱ्या क्रिकेटमध्येही असतो. फक्त तो फलंदाजाला स्वतःच्या डोळ्यांनी काढावा लागतो, आणि तो काढण्यासाठी अर्ध्या सेकंदातला काही भागच हाती असतो. खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे वीस मीटरच्या आसपास. ताशी १३० किलोमीटरनं येणारा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. वर्षानुवर्षं हजारो चेंडू खेळून जे कमवायचं, ते गेम पहिल्याच दिवशी प्रत्येकाला फुकट देतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते दिलं नाही तर कुणी खेळणारच नाही, पहिल्या तीन चेंडूंत दांड्या उडतील आणि ॲप काढून टाकलं जाईल.

मॅक्लाउड यांचा १९८७ चा आणखी एक प्रयोग होम मैदान पाहताना सारखा आठवत होता. त्यांनी मॅटच्या खाली लाकडी काड्या ठेवल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कुठं वळेल याचा भरवसा राहिला नाही. कसोटीपटूंनाही टप्प्यानंतर सुमारे एक पंचमांश सेकंदाच्या आत आपला फटका बदलता आला नाही. इथल्या खेळपट्टीवर काड्या ठेवायची गरज नाही, खडे आहेत. टेनिस बॉल खड्यावर पडून गुडघ्याखाली राहिला आणि पोरगं आउट झालं की ते खेळपट्टीकडं बघतं. गेममध्ये आउट झालेलं पोरगं रेंजकडं बघतं. “नेट अडकलं, नाहीतर सिक्सच होता.” ऑनलाइन सामन्यात ते अगदीच खोटंही नसतं. बोटाचा इशारा दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, ज्याला पोरं पिंग म्हणतात, तो वाढला की टायमिंग कोलमडतं. कारणं दोन्हीकडं तयार असतात.

आठव्या नंबरची गोष्ट

गल्ली क्रिकेटचं अर्थकारण बॅटिंगवर चालतं. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. ज्याचा बॉल त्याला निदान दुसरी. दादा पोरगं तिसऱ्यावर. धाकटे भाऊ, नवे राहायला आलेले, धावता न येणारे, यांना खालचे नंबर आणि तोवर काटेरी झुडपाकडची जागा. अंधार पडला की सामना संपतो आणि आठव्या नंबरची बॅटिंग उद्यावर जाते. उद्या पुन्हा नव्यानं टीम पडते. लहानपणी मी अशा कित्येक संध्याकाळी केवळ चेंडू आणून देण्यात घालवल्या आहेत. ‘कॉमन फिल्डर’ हे पद मी दोन्ही संघांकडून भूषवलं.

मोबाईलनं ही उतरंड एका झटक्यात मोडली. त्यात प्रत्येक जण ओपनर आहे, कॅप्टन आहे, शेवटच्या ओव्हरचा गोलंदाजही तोच. दोन किंवा पाच ओव्हरचा सामना काही मिनिटांत संपतो. आणि फिल्डिंग? ती बहुतेक गेममध्ये आपोआप होते. अकरा बाहुले धावतात, झेलतात, फेकतात. त्यांना तहान लागत नाही, आणि बॅटिंग मिळाली नाही म्हणून ते रुसून घरी जात नाहीत.

खऱ्या क्रिकेटमधला बहुतेक वेळ फिल्डिंगचा असतो. एक फलंदाज खेळतो तेव्हा अकरा जण त्याच्यासाठी उभे असतात आणि त्याचे स्वतःचे नऊ जण बाहेर वाट पाहत असतात. बॅटिंग हा त्यातला छोटा, गोड भाग. गेमनं तेवढा काढून घेतला आणि बाकीचं टाकून दिलं. आठव्या नंबरच्या पोराला हा सौदा न्यायाचा वाटला तर त्याला दोष कसा देणार? मैदानानं त्याला न्याय दिलाच नव्हता.

शहरात लेदर बॉलचं क्रिकेट शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांना मी हे बोलून दाखवलं. ते मोबाईलवर तोंडसुख घेतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी आधी गेमचं कौतुक केलं. “पूर्वी पोराला पॉइंटला उभा राहा म्हटलं की ते मिडऑनकडं जायचं. आता बारा वर्षांचं पोरगं डीप एक्स्ट्रा कव्हर कुठं ते सांगतं. लेगस्पिनरला कसली फिल्ड लावायची तेही सांगतं.” मग थांबून म्हणाले, “यांना सगळे शॉट माहीत असतात. बॉल सोडायचा पण असतो, ते माहीत नसतं.”

ते पटलं. दोन ओव्हरच्या सामन्यात ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देणं म्हणजे बारावा हिस्सा वाया घालवणं. तिथं सोडण्याला किंमत नाही. लेदर बॉल हातात घेऊन नव्या चेंडूचा पहिला तास काढायचा, तर सोडण्याइतकं दुसरं काही उपयोगी नाही.

समोरचा उठून गेला तर

ऑनलाइन खेळणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चीड पिंगची नसते, पळून जाणाऱ्यांची असते. तुम्ही दोन ओव्हरमध्ये पन्नास ठोकता, आणि समोरचा नेट बंद करून निघून जातो. तुम्हाला विजय मिळतो, पण खेळी अर्धीच राहते. “फिफ्टी झाली की पळतेत,” असं एकानं मला फार कळवळून सांगितलं.

त्याला मी भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली. त्यानं नाव ऐकलं नव्हतं. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे निंबाळकर नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमन यांचा तेव्हाचा प्रथम श्रेणीतला विक्रम ४५२ धावांचा. म्हणजे आणखी दहा धावा केल्या की जगात पहिले. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी डाव घोषित करा म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं थोडा अवधी मागितला, तर त्यांनी संघासह सामनाच सोडला. महाराष्ट्राला विजय मिळाला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले. रणजीत आजही ती सर्वोच्च धावसंख्या आहे. कसोटी संघात त्यांना कधीच जागा मिळाली नाही.

पोरगं ऐकत होतं. म्हणालं, “म्हंजे रियल मधी पण क्विट करतेत?”

करतात. पण उलट दिशेची सोय तिथं नाही. गेममध्ये पहिल्या चेंडूवर बाद झालात तर पुढचा सामना दहा सेकंदांत सुरू होतो. सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीचं उदाहरण इथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे, निदान अर्धं. २००५ चा जन्म. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून त्यानं पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ केल्या, त्यात तेरा षटकार. त्याच सामन्यात चार बळीही घेतले. ही धावपत्रिका कुणाला दाखवली तर ती गेममधलीच वाटेल. पुढं लखनौ सुपर जायंट्‌सनं त्याला २० लाखांत घेतलं, आणि १९ वर्षांखालच्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध १०८. आयपीएलमधलं पदार्पण ३० एप्रिल २०२४ रोजी, मुंबई इंडियन्ससमोर. पहिल्याच चेंडूवर पायचीत. इतकी वर्षं, इतका प्रवास आणि एक चेंडू. या दोन दिवसांमध्ये जे अंतर आहे ते चालत जाणं म्हणजे क्रिकेट, आणि ते कुठल्याही ॲपवर उतरवता येत नाही.

पुण्याची गाडी

सोलापुरातून वर जायचं तर पुण्याची गाडी पकडावी लागते. महाराष्ट्राच्या संघाची वाट तिकडूनच जाते. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस क्रिकेटच्या किटबॅगांना अपरिचित नाही. भारतासाठी कसोटीत पहिलं द्विशतक काढणारे पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले, हे शहर अभिमानानं सांगतं. पण त्यांच्या कुटुंबानं मुंबई गाठली आणि त्यांचं क्रिकेट तिथं घडलं. पार्क स्टेडियम आता नव्यानं उभं राहिलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर तिथं महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. तो पाहायला आलेल्यांपैकी अनेकांनी रणजी सामना आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

खर्चाचं गणितही आहे. बऱ्या इंग्लिश विलो बॅटच्या पैशांत चालू मोबाईल येतो. मोबाईल घरातले चौघं वापरतात, त्यावर अभ्यास होतो, गॅस नोंदवता येतो. बॅट एकाचीच. चादरीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाला यातलं काय आधी घ्यावंसं वाटेल, हे सांगायला नको. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाही परवडू लागला.

हे खेळ बनवणारे लोकही फार लांब राहिले नाहीत. ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचं. ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या नॉटिलसचा ताबा २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टननं घेतला. पुण्याच्या जेटसिंथेसिसनं आधी ‘सचिन सागा’ काढला आणि नंतर ई-क्रिकेटची फ्रँचायझी लीगही; तिच्यातला मुंबईचा संघ सारा तेंडुलकरनं घेतला. म्हणजे अंगठ्यांनी खेळण्यासाठीही आता लिलाव, मालक आणि जर्सी आहेत. त्याही वाटेवर पुणं लागतंच.

जिन्यावरची कॅप्टन

शहराच्या पूर्व भागात, जिथं घराघरांत तेलुगू बोललं जातं आणि बाया सुपात विडीची पानं घेऊन बसलेल्या दिसतात, तिथं एका जिन्यावर नववीतली मुलगी भावाच्या मोबाईलवर खेळत होती. भाऊ मैदानावर. तिच्या संघाचं नाव तिनं स्वतःच्या नावावरून ठेवलेलं. मैदानावर का जात नाहीस, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं. “गेले होते की. बॉल आणून द्यायला लावतात.” ऑनलाइन सामन्यात समोरच्याला ती मुलगी आहे हे कळत नाही. तिला तेच आवडतं.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेचं नाव मी काढलं. महेंद्रसिंह धोनीला मानणारी, २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये बॅटवर ‘एमएसडी ०७’ लिहून उतरलेली. आधी ती भालाफेक, गोळाफेक करायची. त्याच वर्षी नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक. महिलांच्या टी-२० मध्ये इतकं वेगवान शतक त्याआधी कुणाचं नव्हतं. मुलीला १६२ चा आकडा ठाऊक होता. “गेममध्ये तिची टीम घ्यायला मिळत नाही,” ती म्हणाली. तिच्या मोबाईलवरच्या खेळात सगळे संघ पुरुषांचे होते. मैदानावर चेंडू आणायला लावतात म्हणून ती पडद्यावर आली, आणि पडद्यावरही रोज कुणा दाढीवाल्या फलंदाजाच्या रूपानंच खेळते.

पैसे लावणारे

मोबाईलवर क्रिकेट म्हटलं की अनेक आईबापांच्या कपाळाला आठी पडते ती जुगाराच्या धास्तीनं. ती समजण्यासारखी आहे. कालपरवापर्यंत टपरीवर चहापेक्षा जास्त चर्चा आज कुणाला कॅप्टन लावला याची असायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ड्रीम इलेव्हन या फँटसी ॲपनं पैशांचे सामने बंद केले आणि भारतीय संघाच्या जर्सीवरूनही ते नाव गेलं. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्‌स वेगळे धरले. मैदानाच्या कडेला बसलेल्या त्या पोरांचं अंगठ्याचं क्रिकेट या दुसऱ्या बाजूला पडतं. बापाला हा फरक समजावून सांगताना मात्र पोराची पंचाईत होते, कारण दोन्ही गोष्टी एकाच मोबाईलवर, आडव्या धरूनच दिसतात.

पहिला महिना

त्या प्रशिक्षकांकडं मी पुन्हा एका सकाळी गेलो. उजाडत होतं. पंधराएक नवी पोरं दोन रांगांत समोरासमोर उभी, मधे एक चेंडू. वाकून अडवायचा, उचलायचा, समोरच्याला द्यायचा. बॅट कुणाच्याच हातात नाही. कडेला एका बाजूला कपडे आणि मोबाईल ठेवलेले; एका मोबाईलवर, रोज खेळायला या म्हणून गेमची आठवण करून देणारी सूचना वाजली, तसे दोघा-तिघांचे डोळे तिकडं गेले आणि चेंडू पायांतून निघून गेला. तो आणायला ती पोरं भिंतीपर्यंत पळाली.

एका मुलाचे वडील स्कूटरवर बसून पाहत होते. ते उतरून आले. “सर, बॅटिंग कधी सुरू करणार? पोरगं घरी विचारतंय.”

“पुढच्या महिन्यात.”

“तोवर हेच?”

“तोवर हेच. बॅटिंग तो घरी मोबाईलवर करतोच की,” असं म्हणून सरांनी दुसरा चेंडू काढला आणि रांगांमधलं अंतर पाच पावलांनी वाढवायला सांगितलं.